विचारण्याचे कलम

कॅनडाचे केंद्र सरकार आणि ओंटारियो प्रांताचे सरकार यांच्यातला एक करार 1 डिसेंबर 1965 पासून अमलात आला. प्रांताच्या समाजकल्याण योजना मूळनिवासींच्या राखीव वस्त्यांपर्यंत न्यायच्या आणि त्यांचा खर्च कुणी किती सोसायचा, एवढाच त्याचा विषय. भाषा कुठल्याही सरकारी करारासारखी कोरडी. व्याख्या, परिशिष्टे, हिशेबाची पद्धत, पैसे परत करण्याचे सूत्र. मात्र दुसऱ्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात एक वाक्य आहे आणि त्या वाक्यावर 51 वर्षांनी केंद्र सरकार न्यायालयात हरले. त्याचा आशय असा: ज्या बँडशी कॅनडाने, किंवा कॅनडा आणि ओंटारियोने मिळून, सल्लामसलत केलेली नाही आणि ज्या बँडने आपली संमती कळवलेली नाही, त्या बँडला प्रांताची कोणतीही कल्याण योजना लागू करू नये.

बँड म्हणजे केंद्रीय कायद्याने मान्यता दिलेला मूळनिवासी समुदाय. त्याला स्वतःचा प्रमुख असतो आणि पंचमंडळही असते. म्हणजे ज्याला विचारायचे त्याचा पत्ता सरकारदप्तरी नोंदलेला होता.

हे वाक्य करारात का आले हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. 1867 च्या कॅनडाच्या घटनात्मक कायद्याने मूळनिवासी आणि त्यांच्या जमिनी हा विषय केंद्राकडे दिला. अनाथालये, दवाखाने, बालकल्याण हे विषय प्रांतांकडे गेले. त्यामुळे राखीव वस्तीतल्या मुलाची काळजी घेणे हे नक्की कुणाचे काम, याचे उत्तर पहिल्या दिवसापासून लोंबकळत राहिले. प्रांत म्हणे, हे लोक केंद्राचे. केंद्र म्हणे, हा विषय प्रांताचा. केंद्राने आपल्या वाट्याचे म्हणून जे केले ते मुख्यतः चर्चसंस्थांच्या मदतीने चालवलेल्या निवासी शाळांतून केले. त्या शाळांचा इतिहास वेगळा आणि भीषण आहे. इथे तो फक्त आठवणीत ठेवायचा.

1947 मध्ये कॅनेडियन वेल्फेअर कौन्सिल आणि समाजकार्यकर्त्यांची राष्ट्रीय संघटना यांनी संसदेच्या संयुक्त समितीपुढे निवेदन दिले. राखीव वस्त्यांतल्या मुलांना इतर नागरिकांइतकेच संरक्षण मिळावे आणि त्यासाठी प्रांतांच्या सेवा तिथे न्याव्यात, अशी त्यांची मागणी होती. त्यामागची भावना प्रामाणिक होती यात मला शंका नाही. 1951 मध्ये मूळनिवासींविषयीच्या केंद्रीय कायद्यात, म्हणजे इंडियन अ‍ॅक्टमध्ये, दुरुस्ती झाली आणि आज 88 व्या क्रमांकाने ओळखले जाणारे कलम आले. प्रांताचे सर्वसाधारण कायदे मूळनिवासींनाही लागू होतील, असे ते म्हणते. कायदा लागू झाला, पैसे आले नाहीत. प्रांतांनी मग सोयीपुरताच हात पुढे केला. मूल मरणाच्या दारात असेल तर उचलायचे. कुटुंब सावरण्यासाठी वेळीच मदत करणे, घरी जाऊन आईला आधार देणे यांसाठी तरतूद नव्हती.

याचा परिणाम काय झाला, हे ओंटारियोबाहेरच्या आकड्यांतून दिसते. पॅट्रिक जॉन्स्टन यांनी कॅनेडियन कौन्सिल ऑन सोशल डेव्हलपमेंटसाठी केलेला अभ्यास 1983 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ब्रिटिश कोलंबिया प्रांताची नोंद आहे. 1955 मध्ये तिथे शासकीय ताब्यात 3,433 मुले होती. त्यांतली मूळनिवासी मुले अंदाजे 29, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. 1964 मध्ये हीच संख्या 1,446 झाली आणि एकूण मुलांतला तिचा वाटा 34.2 टक्क्यांवर गेला. नऊ वर्षांत. ओंटारियोचा करार त्यानंतरच्या वर्षातला आहे. करार लिहिणाऱ्यांच्या टेबलावर नेमका हा तक्ता होता असे मी म्हणत नाही. पण प्रांताची बालकल्याण यंत्रणा राखीव वस्तीत शिरली की काय होते, याचा एक धडा देशात घडून गेलेला होता, एवढे तारखांवरून स्पष्ट आहे.

1964 च्या ऑक्टोबरात केंद्र आणि प्रांतांची मूळनिवासींच्या प्रश्नावर परिषद झाली. प्रांतांनी सेवा द्याव्यात, केंद्राने खर्च उचलावा, या दिशेने गाडी पुढे सरकली. ओंटारियोने सर्वांत आधी हो म्हटले.

आता करार जवळून वाचू. प्रांतातल्या मूळनिवासींना प्रांताच्या कल्याण योजना पूर्णपणे उपलब्ध व्हाव्यात, हा त्याचा जाहीर उद्देश. परिशिष्टात योजनांची यादी आहे आणि बालकल्याण त्या यादीत आहे. हे लक्षात ठेवावे, कारण पुढे केंद्राच्या वकिलांनी विचारण्याचे कलम बालकल्याणाला लागू नव्हते असा युक्तिवाद केला. पैशाची व्यवस्था अशी: सेवा प्रांताने द्यायची, खर्च आधी प्रांताने करायचा आणि केंद्राने ठरलेल्या सूत्राने तो परत करायचा. अलीकडच्या काळात केंद्राचा वाटा सुमारे 93 टक्के पडत असे. प्रत्यक्ष काम मात्र प्रांताचे खातेही करत नव्हते. ते चिल्ड्रन्स एड सोसायट्यांकडे होते. 1893 च्या कायद्यापासून ओंटारियोत बालसंरक्षणाचे काम या स्थानिक संस्था करत आल्या आहेत. त्यांना कायद्याने अधिकार मिळतात आणि सरकारी अनुदानही. म्हणजे पैसा केंद्राचा, कायदा प्रांताचा आणि दारावरची थाप संस्थेची. या साखळीत ज्यांच्या दारावर थाप पडणार होती त्यांच्यासाठी एकच कडी होती. ती म्हणजे दुसऱ्या कलमाचे दुसरे पोटकलम.

त्या पोटकलमाची रचना बारकाईने पाहिली की कर्तव्य कुणाचे हे कळते. सल्लामसलत एकटा कॅनडा करू शकतो किंवा कॅनडा आणि ओंटारियो मिळून करू शकतात. ओंटारियोने एकट्याने केलेली सल्लामसलत कलमाला पुरत नाही. म्हणजे काही झाले तरी केंद्राचे खाते त्या बैठकीत हजर असलेच पाहिजे. नुसते विचारूनही भागत नाही. बँडने संमती कळवली पाहिजे, आणि तीही त्या त्या बँडने. संघटनेने किंवा परिषदेने दिलेला सर्वसाधारण होकार चालत नाही. आणि तोवर योजना लागू करू नये, असे कलम म्हणते. विचारणे आधी, सेवा नंतर, असा हा क्रम आहे. इतके नेमके कलम कारकुनी सवयीने पडलेले नसते. कुणीतरी विचार करून ते तसे लिहिले आहे.

मग विचारले का?

इथे इतिहास लिहिणाऱ्याची अडचण सुरू होते. घडलेल्या गोष्टीचा कागद असतो, न घडलेल्या गोष्टीचा नसतो. एखादी नोंद सापडत नाही म्हणून ती घटना घडलीच नाही असे म्हणणे हा आपल्या धंद्यातला जुना धोका आहे. दप्तर जळते, वाळवी लागते, बदली झालेला अधिकारी फायली सोबत नेतो. पण या प्रकरणात कागद नसण्याला वजन येते, आणि त्याची कारणे उघड आहेत. पहिले असे की सल्लामसलत करणारा पक्ष आणि दप्तर सांभाळणारा पक्ष एकच, म्हणजे केंद्र सरकार. संमती आली असती तर ती त्यांच्याच खात्यात जमा झाली असती. दुसरे, ओंटारियोत शंभराहून अधिक मूळनिवासी समुदाय आहेत. प्रत्येकाशी वेगळी चर्चा आणि प्रत्येकाची वेगळी संमती झाली असती, तर त्यातला एखादा तरी कागद कुठेतरी उरला असता. तिसरे, 2009 मध्ये केंद्राविरुद्ध दावा दाखल झाल्यापासून केंद्राला शोधायला आठ वर्षे मिळाली आणि शोधण्याचे सर्वांत मोठे कारणही त्यांच्यापाशीच होते. आणि चौथे, त्या काळातली माणसे हयात होती. साठच्या दशकात केप क्रोकर या ओंटारियोतल्या राखीव वस्तीचे प्रमुख असलेले आणि प्रांतातल्या मूळनिवासींच्या संघटनेचे नेतृत्व केलेले विल्मर नाजिवान यांनी आपल्याशी अशी कोणतीही सल्लामसलत झाली नव्हती, हे न्यायालयाला सांगितले. त्याला उत्तर देणारा पुरावा केंद्राने आणला नाही. न्यायाधीशांनी निष्कर्ष नोंदवला: बालकल्याण सेवा राखीव वस्त्यांत नेण्याआधी एकाही बँडशी सल्लामसलत झाली नाही आणि एकाही बँडने संमती दिली नाही.

एकाही नाही. पैसे परत करण्याचे सूत्र मात्र दशकानुदशके चालत राहिले. एकाच कराराची दोन कलमे, एकाच खात्याने सांभाळलेली. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त बोचते ते हे. खाते आळशी नव्हते, अडाणी नव्हते, कराराकडे त्याचे दुर्लक्षही नव्हते. ज्या कलमाची जाब विचारणारी यंत्रणा होती ते पाळले गेले. बिल थकले की प्रांत पत्र पाठवणार हे ठरलेले. बँडला विचारले नाही तर पत्र कोण पाठवणार? बँडची तर करारावर सहीच नव्हती.

दरम्यान मुले जात राहिली. 1965 ते 1984 या काळात ओंटारियोतल्या सुमारे 16,000 मूळनिवासी मुलांना घरातून उचलून बिगर-मूळनिवासी पालक कुटुंबांत ठेवले गेले किंवा दत्तक दिले गेले, असा अंदाज न्यायालयाने नमूद केला आहे. काही प्रांताबाहेर, काही देशाबाहेर गेली. ती आपली भाषा विसरली. नाव बदलले. आपण कोण हे त्यांना कुणी सांगितले नाही. त्यांना वाढवणाऱ्या कुटुंबांनाही मुलाचा समुदाय कोणता, त्याला कायद्याने आणि तहांनी कोणते हक्क आहेत, याची माहिती दिली गेली नाही. दत्तक गेल्याने मूळनिवासी म्हणून असलेला कायदेशीर दर्जा संपत नव्हता. शिक्षणाची मदत, तहापोटी मिळणारी रक्कम, बँडचे सदस्यत्व हे सारे शाबूत होते. फक्त ज्याचे होते त्याला माहीत नव्हते. हे कळवणे हे केंद्राच्या खात्याला अगदी सहज जमणारे काम होते. मूळनिवासी मुलाच्या दत्तकविधानाविषयी माहिती देणारी पुस्तिका खात्याने 1980 च्या सुमारास काढलीही. करार लागू झाल्यावर पंधराएक वर्षांनी.

‘सिक्स्टीज स्कूप’, म्हणजे साठच्या दशकातली उचलाउचल, हे या सगळ्याला मिळालेले नाव जॉन्स्टन यांच्याच अभ्यासातून रूढ झाले. ब्रिटिश कोलंबियातल्या एका समाजकार्यकर्तीने त्यांना साठच्या दशकातली कामाची रीत सांगितली होती. राखीव वस्तीतल्या आयांची नुकतीच जन्मलेली बाळे जवळपास नेमाने उचलली जात. सांगताना ती रडली. ही एका व्यक्तीची आठवण आहे, सरकारी नोंद नाही, आणि ती ओंटारियोची नाही. तरीही मी ती इथे ठेवतो, कारण या प्रकरणातल्या सरकारी कागदांत मुलांची संख्या सापडते, खर्च सापडतो, पण उचलणाऱ्या हाताला काय वाटले हे कुठेच सापडत नाही.

1984 मध्ये ओंटारियोने बाल आणि कुटुंब सेवांचा नवा कायदा केला. मूळनिवासी मुलाची संस्कृती आणि वारसा निर्णय घेताना लक्षात घ्यावा, बँडला कळवावे, बँडच्या प्रतिनिधीला न्यायालयात उभे राहता यावे, अशा तरतुदी त्यात आल्या. म्हणून पुढच्या दाव्याचा कालखंड 31 डिसेंबर 1984 ला थांबतो.

दावा लावला मार्शिया ब्राउन मार्टेल यांनी. लहानपणी त्यांना घरातून नेले गेले होते. मोठ्या झाल्यावर त्या परतल्या आणि पुढे बीव्हरहाउस या उत्तर ओंटारियोतल्या समुदायाच्या प्रमुख झाल्या. 2009 मध्ये दाखल झालेला सामूहिक दावा स्वीकारार्ह आहे की नाही, यावरच कित्येक वर्षे खालच्या-वरच्या न्यायालयांत खेपा झाल्या. मागणी होती प्रत्येकी 85,000 डॉलर, एकूण 130 कोटी डॉलरच्या घरात. ओंटारियोच्या सुपीरियर कोर्टाचे न्यायमूर्ती एडवर्ड बेलोबाबा यांनी 14 फेब्रुवारी 2017 रोजी निकाल दिला.

हा निकाल मुळातून वाचण्यासारखा आहे, विशेषतः त्यातला कायद्याचा नेमकेपणा. केंद्राचे मूळनिवासींशी विश्वस्ताचे नाते आहे, या जोरावर वादींनी पहिली मांडणी केली होती. ती न्यायमूर्तींनी या दाव्यापुरती मान्य केली नाही. त्यांनी रस्ता काढला तो करारातून. दोन पक्ष तिसऱ्याच्या भल्यासाठी करार करतात आणि त्या तिसऱ्याचे काय करायचे याचे वचन करारात लिहून ठेवतात. ते वचन मोडल्याने तिसऱ्याचे नुकसान होणार हे दिसत असेल, तर त्याच्या बाबतीत काळजीचे कर्तव्य उभे राहते. बँड करारात सहीदार नव्हते म्हणून केंद्र सुटत नाही. उलट ते सहीदार नव्हते म्हणूनच त्यांच्यासाठी ते कलम होते. राखीव वस्तीतल्या मुलांची ओळख पुसली जाऊ नये यासाठी वाजवी पावले उचलणे हे केंद्राचे कर्तव्य होते आणि ते मोडले गेले, असा निर्णय झाला.

कराराचा हेतू चांगला होता हे न्यायमूर्तींनी मोकळेपणाने मान्य केले. नुकसान प्रचंड झाले, हेही कुणी नाकारत नव्हते. वाद होता मधल्या दुव्याचा. केंद्राचा एक युक्तिवाद असा होता की बँडना विचारले असते तरी काही फरक पडला नसता. न्यायमूर्तींनी त्याला विचित्र आणि अपमानकारक ठरवले, आणि त्यांची चीड मला रास्त वाटते. विचारले असते तर बँडनी काय सांगितले असते, याची कल्पना करायला फार बुद्धी लागत नाही. मूल न्यायचेच असेल तर आधी मावशीकडे, आजीकडे, शेजारच्या वस्तीत ठेवून पाहा. दूर न्यायचेच झाले तर त्याचे मूळ गाव कोणते हे नव्या आईबापांना लेखी द्या. त्याला आपली भाषा कानावर पडेल असे काही करा. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नव्हता.

याच कराराची दुसरी परीक्षा वेगळ्या दालनात चालू होती. कॅनडाच्या मानवाधिकार न्यायाधिकरणाने 26 जानेवारी 2016 रोजी फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे बँडमधल्या मूळनिवासी समुदायांच्या, मुलांच्या कल्याणासाठी केंद्र अपुरा पैसा देते आणि हा वंशावर आधारलेला भेदभाव आहे, असा निकाल दिला होता. त्यात ओंटारियोच्या 1965 च्या कराराची स्वतंत्र चिकित्सा आहे. म्हणजे ज्या आर्थिक बाजूला मी वर पाळलेले कलम म्हटले, तीही कालांतराने पोकळ झाली. प्रांताचा कायदा बदलत गेला, मुलांच्या मानसिक आरोग्याच्या सेवा त्यात आल्या, पण कराराची परिशिष्टे 1998 नंतर अद्ययावत झाली नाहीत. 1984 च्या कायद्याने बँड प्रतिनिधीला जागा दिली होती. त्या प्रतिनिधीचा खर्च देणे केंद्राने 2003 मध्ये बंद केले. न्यायालयात आपल्या मुलासाठी बोलायचा अधिकार कायद्यात, आणि तिथवर जायचे भाडे कुणाच्याच अंदाजपत्रकात नाही. 2018 च्या फेब्रुवारीत न्यायाधिकरणाला स्वतंत्र आदेश काढून हा खर्च केंद्राकडून सुरू करून घ्यावा लागला.

भागीदारी करारातल्या सरकारी खात्याचे कर्तव्य पैसे वळते केल्यावर संपते, असा समज सार्वत्रिक आहे. ओंटारियोचे कागद त्याच्या विरुद्ध साक्ष देतात. खात्याने दुसऱ्याकडून काम करून घेतले तरी लाभार्थ्याशी असलेले त्याचे नाते दुसऱ्याकडे जात नाही. विचारणे, कळवणे, संमती घेणे आणि करार काळाबरोबर बदलत ठेवणे ही कामे कंत्राटाने देता येत नाहीत. ती टाळली की त्यांचा हिशेब दुसऱ्या खात्यावर चढतो, आणि तिथे तो मुलांच्या आयुष्यात मोजला जातो.

निकालानंतर केंद्राने तडजोड केली. 2017 च्या ऑक्टोबरात जाहीर झालेल्या आणि 2018 मध्ये न्यायालयांनी मान्य केलेल्या या तडजोडीत देशभरातल्या पीडितांसाठी 75 कोटी डॉलर, एका प्रतिष्ठानासाठी 5 कोटी आणि वकिलांच्या मोबदल्यासाठी 7.5 कोटी ठेवले गेले. पात्र ठरलेल्या प्रत्येकाच्या हाती 25,000 डॉलर आले. मेटी समाजातली आणि कायदेशीर दर्जा नसलेली मूळनिवासी मुलेही अशीच उचलली गेली होती. त्यांना या तडजोडीतून वगळले गेले.

1 जानेवारी 2020 पासून कॅनडात नवा केंद्रीय कायदा लागू आहे. बालकल्याणाचे नियम स्वतः करण्याचा मूळनिवासी समुदायांचा अधिकार तो मान्य करतो. हा कायदा घटनेला धरून आहे असे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2024 च्या फेब्रुवारीत ठरवले. त्याखाली स्वतःचा कायदा अमलात आणणाऱ्या पहिल्या समुदायांत ओंटारियोतला वाबासीमुंग हा समुदाय आहे. त्यांची संहिता 8 जानेवारी 2021 पासून लागू झाली. त्यांच्या मुलांविषयी आता त्यांचाच कायदा चालतो.